पैसे घ्यायची सोय नसलेले देश : मोहीम काढायची तर ती कोणाच्या दारात?

कानामात्रा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही आठजण मिळून भारतीय उपखंडातल्या लिप्यांसाठी शुद्धलेखन तपासणारं एक मुक्तस्रोत साधन चालवतो. सगळं फावल्या वेळात, पदरमोड करून. यंदा पहिल्यांदाच थोडी देणगी मिळाली आणि समान वाटणी ठरली, प्रत्येकी २४० डॉलर. सातजणांचे एका संध्याकाळी पेपालने, म्हणजे इंटरनेटवरून पैशाची देवघेव करून देणाऱ्या अमेरिकी कंपनीमार्फत, पोचले. आठवा खुलन्याचा, बांगलादेशातला. बांगला लिपीचा जवळजवळ सगळा भाग त्याने एकट्याने लिहिलाय. पण पेपालच्या यादीत बांगलादेशच नाही, त्यामुळे त्याचं खातं उघडायचा प्रश्नच येत नाही.

मग बँकेतून पाठवले. मधल्या कुठल्यातरी बँकेने 'रकमेचं प्रयोजन स्पष्ट नाही' म्हणून अकरा दिवस अडकवले आणि परत धाडले. परत आले २०२. म्हणजे पैसे न पोचवण्याचे ३८ डॉलर!

त्याच्या मित्रांनी आता सह्यांची मोहीम काढली आहे, की कंपनीने आमच्या देशात यावं. पत्राचा मसुदा सुधारायला मला सांगितलंय. मी सही करणारच आहे. पण अशा मोहिमांनी आजवर कुठे काही झालंय का? आणि पत्र लिहायचं ते कंपनीला, सरकारला की आणखी कोणाला?

तिरकस
सही ठोका आणि झोपा. सह्यांनी कामं होत असती तर आमच्या सोसायटीची लिफ्ट कधीच सुरू झाली असती.

सायंतारा
कानामात्रा, पहिलाच धागा आणि इतका मुद्देसूद! स्वागत. मला एक कळत नाही. इंटरनेटवर काम करायला देश आडवा येत नाही, मग पैसे घ्यायला का येतो?

जुनी_वही
बांगलादेशाचं म्हणाल तर तिथे हे स्वप्न एकदा येऊन गेलेलं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'पेपाल आलं' असा केवढा गाजावाजा झाला, सरकारी समारंभ झाला. प्रत्यक्षात आलं ते 'झूम'. ही कंपनी पेपालने २०१५ मध्ये विकत घेतली होती. परदेशातल्या नातेवाइकाने घरी पैसे पाठवावेत एवढ्यासाठीच ती सोय. घरबसल्या काम करणाऱ्या मुलांना हवं होतं ते वेगळं : स्वतःचं खातं, ग्राहकाला बिल पाठवता येणं, त्याने बटण दाबलं की पैसे जमा. ते आलंच नाही. वाजंत्री लग्नाची आणि निघाला साखरपुडा, तोही दुसऱ्याचा.

तेव्हा तुमच्या मित्रांना सांगा, 'आमच्या देशात या' एवढंच मागितलं तर एवढंच मिळू शकतं.

रिकामा_खिसा
माझा अनुभव लिहितो. चारेक वर्षांपूर्वी एका ऑनलाइन चमूत कामाला होतो. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा लाहोरचा. तिथेही तीच गत. त्याने आतेभावाचं दुबईतलं खातं वापरायला घेतलं. सहा-सात महिने सुरळीत गेले. मग एक मोठी रक्कम आली, त्याने लाहोरहून लॉगिन केलं आणि खातं गोठलं. कंपनीने कागद मागितले ते आतेभावाच्या नावाचे, काम दाखवायला सांगितलं तर ते याच्या नावाचं. काहीच जुळेना. पैसे १८० दिवस अडकले. कंपनीचं नाव घेत नाही, नियमाप्रमाणे ती बरोबरच असेल. पण त्या सहा महिन्यांत आतेभावाशी बोलणं बंद झालं ते आजतागायत बंद आहे.

अशा देशांत प्रत्येकाचा एक 'खातेवाला नातेवाईक' असतो. कुणाचा दुबईत, कुणाचा लंडनला. तो नसेल तर तुमचं करिअर नाही.

देशस्थ_डॉट
लाहोर? त्यांना सोय द्यायचीच कशाला? उद्या तोच पैसा कुठे जाईल सांगता येतं का?

संपादक_३
देशस्थ_डॉट, त्या वादासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे खुशाल भांडा. इथे धाग्याचा विषय सोडू नये.

हिशेबनीस_ताई
मी नऊ वर्षं पैशाच्या देवघेवीच्या एका कंपनीत नियमपालन विभागात होते. आता नाही, म्हणून मोकळेपणी लिहिते. सायंतारा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे.

एखादा देश यादीत नसतो त्याची कारणं एकसारखी नसतात आणि मोहिमा नेमक्या इथेच फसतात. पहिला गट अमेरिकी निर्बंधांचा : इराण, क्युबा, उत्तर कोरिया. तिथे कंपनीला पत्र लिहून काहीही होणार नाही, तिच्या हातातच नाही ते. दुसरा गट जोखमीच्या शिक्क्याचा. एफएटीएफ नावाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा काळ्या पैशावर देखरेख ठेवते. तिच्या करड्या यादीत देश गेला की प्रत्येक ग्राहकाची तपासणी महाग होते. पाकिस्तान त्या यादीत जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ होता. पण यादीतून बाहेर आल्यावरही पेपालने खाती उघडली नाहीत, म्हणजे यादी हे एकच कारण नव्हतं. तिसरा गट देशाच्या स्वतःच्या कायद्यांचा : परवाना, परकीय चलनाचे नियम, डेटा कुठे ठेवायचा. आणि चौथं कारण कोणीच पत्रकात लिहीत नाही, धंदा पुरेसा नाही.

दंडाची भीती म्हणजे काय तेही सांगते. २०१५ मध्ये पेपालने अमेरिकी अर्थखात्याशी तडजोड केली. निर्बंधांचा भंग करणारे ४८६ व्यवहार त्यांच्या यंत्रणेतून निसटले होते. त्या सगळ्या व्यवहारांची मिळून रक्कम जेमतेम ४४ हजार डॉलर. भरावे लागले सुमारे ७७ लाख डॉलर.

हा आकडा आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षणात दाखवायचे. तो पाहिल्यावर 'छोट्या देशात जाऊया का' असं बैठकीत कोण विचारेल?

तिरकस
चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं. इथे मसाल्याचाच ट्रक आलाय.

उत्तररात्र
हिशेबनीस_ताई, प्रतिसाद उत्तम. पण जोखीम हेच सगळ्याचं उत्तर असतं तर पॅलेस्टाइनचं काय?

२०१६ मध्ये चाळीसेक पॅलेस्टिनी कंपन्या आणि संस्थांनी पेपालच्या तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांना, डॅन शुलमन यांना, खुलं पत्र लिहिलं. वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्याला ही सेवा मिळते, कारण त्याचं खातं इस्रायली बँकेत असतं. शेजारच्या पॅलेस्टिनी गावातल्याला नाही. एकच डोंगर, एकच रस्ता, आणि खातं फक्त एकाच बाजूच्या माणसाचं. पत्रात रडगाणं नव्हतं. बाजारपेठ आहे, शिकलेली मुलं आहेत, बेकारी आहे, असं सगळं मांडलं होतं. पुढेही लोक मागणी करत राहिले. सेवा सुरू झाली नाही.

आणि युक्रेन? तिथे लोकांना पैसे फक्त पाठवता यायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि १७ मार्चला घेण्याचीही सोय झाली, वर काही काळ शुल्क माफ. तीन आठवडे! मनात असलं की बटण सापडतं, एवढंच मला म्हणायचंय.

हिशेबनीस_ताई
उत्तररात्र, पॅलेस्टाइनबद्दल माझ्याकडेही समाधानकारक उत्तर नाही. तिथे नुसत्या जोखमीचा हिशेब लावून तो फरक समजावता येत नाही हे मान्य.

युक्रेनचं मात्र थोडं वेगळं आहे. तिथे खाती आधीपासून होती, लोकांची ओळख तपासलेली होती, कार्डं जोडलेली होती. आलेला पैसा त्याच कार्डांवर वळवायचा होता. घर बांधलेलं होतं, मागचा दरवाजा तेवढा उघडला. बांगलादेशात घराचा पायाही नाही. पण तुमचा मुद्दा मी उलटा वापरीन : जिथे 'फक्त पाठवा' आहे तिथल्या लोकांनी मोहीम नक्की काढावी. श्रीलंकेचंच बघा, बाहेर पैसे द्यायला चालतं, घ्यायला नाही. अशा ठिकाणी मागणी एका ओळीची होते.

पाणपोई
'तुमचे पैसे आम्हाला चालतात, आमचे तुम्हाला देणार नाही' हा तर सासुरवाडीचा नियम झाला. (हलके घ्या.)

नाणेफेक
मंडळी, कुठल्या जमान्यात आहात? डॉलरला बांधलेली आभासी नाणी आहेत ना! दोन मिनिटांत खुलना. ना बँक, ना प्रयोजन, ना ३८ डॉलर. मोहीमबिहीम वेळेचा अपव्यय.

रिकामा_खिसा
नाणेफेक, नाणं पोचेल हो. त्याचं घरभाडं कसं होणार? कुणीतरी अनोळखी माणूस नाणं घेऊन रोख देणार, मग बँक विचारणार ही रोकड कुठून आली. आणि बांगलादेशात मध्यवर्ती बँक या नाण्यांच्या विरोधात आहे. पाठवणारे आपण, जोखीम त्याची.

जुनी_वही
नायजेरियातही हेच झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना सांगितलं, आभासी चलनवाल्यांची खाती बंद करा. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी उठवली. मधली जवळजवळ तीन वर्षं लोक एकमेकांत व्यवहार करत राहिले. थांबलं नाही हे खरं, पण गंडवलं गेलं तर दाद मागायची कोणाकडे? शिवाय डॉलरला बांधलेलं नाणं काढणारी कंपनीही तुमचा पत्ता गोठवू शकते. मालक बदलला, कुलूप तेच.

नाणेफेक
बरं बाबा, हरलो. तरी १० टक्के बरोबर आहे मी.

सायंतारा
आणि ते अमेरिकेत कंपनी काढायचं प्रकरण? माझ्या ओळखीत एकाने डेलावेअरला काढली. तो तिकडे कधी गेलेलाही नाही.

हिशेबनीस_ताई
स्ट्राइप या पेपालसारख्याच अमेरिकी कंपनीने २०१६ मध्ये अ‍ॅटलस सुरू केलं ते यासाठीच. ५०० डॉलर भरा, डेलावेअरमध्ये कंपनी नोंदवा, अमेरिकी बँकेत खातं. कायदेशीर आहे, चांगलंही आहे. पण पुढची पानं वाचा. परदेशी माणसाच्या एकट्याच्या मालकीची कंपनी असेल तर दरवर्षी ५४७२ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. एका डॉलरचाही कर लागत नसला तरी. विसरलात तर दंड २५ हजार डॉलर. महिन्याला दोन-तीनशे कमावणाऱ्या मुलाने हे करायचं?

तिरकस
म्हणजे २४० डॉलर घेण्यासाठी आधी ५०० द्यायचे, मग वर्षभर २५ हजारांची टांगती तलवार. खुलन्याच्या त्या मुलाने बांगला लिपी लिहिली, आता अमेरिकी करकायदाही लिहून काढावा.

आडवाटेचा_प्रवासी
सगळेजण कंपनीला धारेवर धरताय, म्हणून दुसरी बाजू. तुर्कस्तानात पेपाल होतं. लोक वापरत होते. तिथल्या नियामकाने माहितीयंत्रणा देशातच ठेवायची अट घातली, परवाना नाकारला आणि जून २०१६ मध्ये सेवा बंद झाली. लहान विक्रेते रात्रीतून उघड्यावर. त्यांनी कोणाविरुद्ध मोहीम काढायची? अट सरकारची, पाय काढला कंपनीने. देशाने आपल्या लोकांचा डेटा देशात मागणं मला चूक वाटत नाही. पण किंमत कोण मोजतंय तेही बघा.

आपल्याकडेही २०१० मध्ये वैयक्तिक देवघेव थांबली होती आणि २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली. नंतर ती वाढली. ती वाढवली नियामकाने.

उत्तररात्र
आडवाटेचा_प्रवासी, मान्य. पण मग मुळात एका खाजगी अमेरिकी कंपनीच्या यादीत आपलं नाव यावं म्हणून देशोदेशीच्या तरुणांनी विनवण्या कराव्यात हेच मला खटकतं. केनियात एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं, मोबाइलवरून पैसे, ते कोणाची वाट बघत बसले नाहीत. नायजेरियाला पेपालने २०१४ मध्ये नुसतं 'पाठवा' दिलं. दरम्यान तिथल्या पोरांनी पेस्टॅक ही ऑनलाइन पैसे घेण्याची यंत्रणा उभी केली आणि २०२० मध्ये स्ट्राइपला ती विकत घ्यावी लागली. २०२१ मध्ये फ्लटरवेव्ह या आफ्रिकी कंपनीमार्फत तिथल्या व्यापाऱ्यांना पेपालवाल्या ग्राहकांकडून पैसे घेता येऊ लागले. म्हणजे पुढचं दार उघडलं नाही तेव्हा आपलाच माणूस खिडकीत उभा राहिला. मोहीम काढायचीच तर देशादेशांतल्या यंत्रणा एकमेकींना जोडा म्हणून काढावी. भारत-सिंगापूरची जोडणी २०२३ मध्ये झालीच की.

पाणपोई
हे सगळं दहा वर्षांत होईलही. कानामात्रांना २४० डॉलर या महिन्यात पाठवायचेत.

कुंपणावरची_चिमणी
उशिरा आले, सगळा धागा वाचला. वाचनखूण साठवली आहे. मूळ प्रश्नाकडे वळते, कारण अशा एका मोहिमेत मी दोन वर्षं पत्रं लिहिण्याचं काम केलंय. देश सांगत नाही, मोहीम अजून चालू आहे.

पहिल्या वर्षी आम्ही तुमच्या मित्रांसारखंच केलं. सह्या गोळा केल्या, पुष्कळ झाल्या, पाठवल्या. उत्तर आलं चार ओळींचं, 'आपल्या भावना पोचल्या'. मग आमच्यातले एक निवृत्त बँकवाले काका म्हणाले, "अगं, तुम्ही मागताय काय ते तरी नीट सांगा. सेवा म्हणजे काय? खातं? घेणं? देणं? बँकेत वळवणं?" तेव्हा लक्षात आलं की सहीवाल्यांपैकी निम्म्यांना फक्त घेणं हवं होतं. बाहेर द्यायला त्यांच्याकडे होतंच काय!

दुसऱ्या वर्षी पत्रं तीन केली. कंपनीला फक्त एवढंच विचारलं, की कोणत्या अटी अपुऱ्या आहेत ते लेखी कळवा. मध्यवर्ती बँकेला : लहान रकमेच्या सेवा-निर्यातीला कागद कमी करा आणि प्रयोजनाच्या यादीत आमच्या कामाचं नाव घाला. हे फार कोरडं वाटतं, पण आमच्या इथे बँका पैसे परत पाठवत होत्या ते याच कारणाने. यादीत 'सॉफ्टवेअर निर्यात' होतं, ते कंपन्यांसाठी. घरात बसून चित्रं काढणारी मुलगी कुठल्या रकान्यात बसणार? तिसरं पत्र काम देणाऱ्या संकेतस्थळांना, की पैसे देण्याचा दुसरा मार्ग ठेवा.

आणि पत्रांना आकडे जोडले. शंभर-सव्वाशे जणांना सांगितलं, तीन महिने प्रत्येक रकमेमागे लिहून ठेवा : किती निघाले, किती पोचले, किती दिवसांनी. परदेशातून घरी पैसे पाठवायचा जगभरचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या वर आहे आणि २०३० पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांत ठरलंय. आमच्या वहीतले आकडे त्याच्या शेजारी ठेवले की अधिकाऱ्याला काही समजावत बसावं लागायचं नाही.

निकाल : कंपनीचं उत्तर अजून नाही. संकेतस्थळांपैकी एकाने मार्ग वाढवला. मध्यवर्ती बँकेने प्रयोजनाच्या यादीत एक ओळ घातली. एकच ओळ हो, पण पैसे परत जायचे थांबले.

हिशेबनीस_ताई
चिमणीताई, टाळ्या. त्या 'लेखी कळवा'ची किंमत मला ठाऊक आहे. लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की आमच्याकडे फाइल कायदा विभागात जायची आणि मग कोणालातरी खरंच विचार करावा लागायचा.

एक भर घालते. मधल्या बँकाही विसरू नका. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या बँकेने सोमालियाला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांची खाती बंद करायचं ठरवलं, तेव्हा त्यातली एक थेट न्यायालयात गेली आणि तात्पुरती मनाई मिळवली. पत्राने होत नाही ते कधी कधी वकिलाने होतं.

देशस्थ_डॉट
चिमणीताईंचा प्रतिसाद आवडला. आधीच्या प्रतिसादाबद्दल संपादकांची माफी.

सायंतारा
अरे व्वा! हा धागा मुखपृष्ठावर घ्या.

कानामात्रा
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवस गायब होतो, कारण हे सगळं भाषांतर करून खुलन्याला पाठवत होतो.

जुनी_वही, तुम्ही सांगितलेला २०१७ चा समारंभ त्याने तेव्हा थेट प्रक्षेपणात पाहिला होता. शाळेत होता म्हणे. चिमणीताईंचं वाचून त्याने बँकेत जाऊन प्रयोजनाची यादी मागितली. काउंटरवरच्या बाईंनी यादी दाखवली आणि विचारलं, "देणगी का? पगार का? निर्यात का?" मुक्तस्रोत प्रकल्पातली वाटणी म्हणजे तिन्हीपैकी काहीच नाही. शेवटी 'सल्लासेवा' लिहायचं ठरलं. मी त्याच शब्दाचं एक साधं बिल बनवलं, त्याने सही केली आणि फ्रीलान्सरांसाठीच्या दुसऱ्या एका सेवेतून पैसे गेले. २४० चे २३१ पोचले, चौथ्या दिवशी. आधीचे ३८ आम्ही सातजणांनी वाटून घेतले.

पत्र नव्याने लिहिलंय. कंपनीच्या पत्रातून 'आमच्या देशात या' काढून टाकलं. 'घेण्याची सोय सुरू करण्यासाठी कोणत्या अटी बाकी आहेत ते लेखी कळवा' एवढंच ठेवलं. मध्यवर्ती बँकेचं पत्र त्याचे मित्र लिहिताहेत, त्यात माझं काम नाही. तीन महिन्यांच्या नोंदींसाठी तक्ता केलाय, हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा. दुवा खाली दिलाय, पटलं तर सही करा.

उत्तररात्र
केली. विनवण्या खटकतात, पण 'लेखी कळवा' ही विनवणी नाही.

तिरकस
मीही केली हो, लिफ्टची शपथ. पण कानामात्रा, सही केल्यावर एक पान उघडलं : 'मोहिमेला ५ डॉलर द्या'. म्हटलं देऊन टाकू. पैसे द्यायचा मार्ग बघतो तर एकच बटण. पेपाल!

कानामात्रा
😄 आत्ता त्यांना विचारलं. खातं त्यांच्यातल्या एकाच्या मामेभावाचं आहे. टोरांटोला असतो.

रिकामा_खिसा
त्याला म्हणावं, खुलन्याहून लॉगिन करू नकोस.